रुक्मिणीची मेंढी आणि खुलं कूपन

११ फेब्रुवारी १९७३, रविवार

घसा बसला. हे म्हणतात, बरं झालं, दोन दिवस घरात शांतता.

दुष्काळ मदत समितीची बैठक गोविंदकाकांच्या ओसरीवर झाली. विषय कुपनांचा. दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ न शकणारे, म्हणजे म्हातारे, आजारी, ओल्या बाळंतिणी, यांना आपण फुलंब्रीच्या दुकानावर कुपनं देतो. कूपन दाखवायचं, तेवढ्याचा माल घ्यायचा, दुकानदाराला पैसे समिती देते. काकांचा ठराव असा की या कुपनावर ज्वारी, डाळ, तेल, मीठ, मिरची एवढंच मिळावं. चहा नाही, गूळ नाही, बिडी-तंबाखू तर नाहीच.

बसवेना. उठले.

म्हणाले, मी आठ वर्षांची होते तेव्हा निजामाचे लेव्हीवाले, सक्तीने धान्य वसूल करणारे, आमच्या घरात शिरले होते. लोखंडी सळई कणगीत खुपसून बघायचे, तळाशी किती धान्य आहे. ती सळई आईच्या पोटात खुपसल्यासारखी वाटली होती मला. आज तुम्ही ठराव कागदावर लिहिता, हातात सळई नाही, पण बघता तेच. याच्या घरात काय शिजतं? सरकार गेलं, निजाम गेला, दुसऱ्याच्या चुलीत डोकावायची सवय तेवढी आपल्याकडे ठेवून गेला.

टाळ्या पडल्या. काका शांतपणे म्हणाले, "मालती, झोळी घेऊन दारोदार मी फिरतो. सराफ्यातली एक म्हातारी स्वतःच्या जेवणातली ओंजळ घालते. तिनं उद्या विचारलं, माझ्या घासाची बिडी झाली का, तर मी काय सांगू?"

काकांनीच मला मराठी वाचायला शिकवलं. शाळेतला उर्दूचा तास संपला की त्यांच्या घरी, मागच्या दाराने. त्यांच्याविरुद्ध आवाज चढला की मलाच कुठेतरी टोचतं. पण चढतो.

शेवटी ठरलं: पाडव्यापर्यंत कूपन खुलं. ज्याला जे हवं ते. पाडव्याला पुन्हा बसायचं. "तोवर फुलंब्रीची जबाबदारी तुझी," काका.

घेतली.

१८ फेब्रुवारी, रविवार

एस.टी.ने फुलंब्री. दुकान करीमभाईंचं. पिढीजात, तांब्यापितळेच्या तराजूचं. ओट्यावर चाळीसेक माणसं बसलेली. उभी राहून सांगितलं: आजपासून काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. कुणी विचारणार नाही. मीसुद्धा नाही.

एक म्हातारा हात वर करून, शाळेतल्या पोरासारखा, "बिडी बी?"

"बिडी बी."

"मंग तुमच्या तोंडात साखर पडो."

करीमभाई आतून ओरडले, "साखर भी है बाबा, वो भी कूपन पे ले लो, बाई के मुंह में डालो." सगळा ओटा हसला. किती दिवसांनी इतकी माणसं एकदम हसताना ऐकली.

मग नुसती बघत बसले. एका बाईने खोबरेल घेतलं. केसांच्या जटा झाल्यात म्हणाली, पोरीच्या. एका म्हातारीने चहापत्ती आणि मूठभर गूळ. मी काही विचारलं नव्हतं, तीच सांगायला लागली, "पाव्हणं आलं तर दारातच उभं ऱ्हातंय वो. आत या म्हनायची लाज वाटती. आता या म्हनीन."

हे मी काकांना कसं सांगू? ज्वारीने पोट भरतं, पण "आत या" म्हणायला ज्वारी पुरत नाही.

सगळ्यांनी ज्वारी घेतलीच. उरल्यातून बाकीचं. कोण मूर्ख आहे उपाशी राहायला?

२० फेब्रुवारी, मंगळवार

दहावीच्या वर्गात फ्रेंच राज्यक्रांती. राणी आणि केक. ती तसं म्हणाली नव्हती, कुणीतरी तिच्या नावावर चिकटवलं, हे सांगितलं तर पोरी हिरमुसल्या. मागच्या बाकावरून, "मग बाई, आपल्याकडे अमेरिकेच्या मिलोची लाल भाकरी खा असं कोण म्हणालं?"

हसू दाबलं. पुढचं पान उघडायला लावलं.

२ मार्च, शुक्रवार

काका घरी आले. बसले नाहीत. चपला काढल्या, पण उभेच.

"तुझ्या फुलंब्रीत एक बाई कुपनावर सरकीची पेंड नेते."

"म्हशीला?"

"मेंढीला. एका मेंढीला. आपण माणसांसाठी भीक मागतो, मालती, आणि ती मेंढीला घालते."

खरं सांगायचं तर मला आधी हसूच आलं. तेही हसतील असं वाटलं. हसले नाहीत. डोळे भरले होते त्यांचे. मग म्हणाले, घरात तान्हं मूल आहे. सुनेच्या अंगावर दूध नाही, असं गावात बोलतात.

हे आतून बाहेर आले, पाणी दिलं. काका पाणी पिऊन गेले. काही मागितलं नाही, मुदत संपवतो असंही म्हणाले नाहीत. त्यामुळे जास्त...

रविवारी जाते.

४ मार्च, रविवार

फुलंब्रीच्या पुढे उतरून माळावरून चालत गेले. धनगरांची वस्ती, सातआठ घरं. बापे सगळे कळप घेऊन गंगथडीला, गोदावरीकाठी, उतरलेत, कॅनॉलच्या कडेला काही हिरवं मिळेल म्हणून. मागे बायका, म्हातारी, आणि ज्यांना चालवत नाही ती जनावरं.

बायजाबाई. साठीच्या पुढची, काटक, नाकात मोठी नथनी, आवाज फाटका. ओळख दिल्यावर, "व्हय, ठावं हाय. भाषान लई भारी करता म्हनं तुमी. बसा."

घरात शिरले तर उजव्या हाताला मेंढी. गाभण. पोट तेवढं टम्म, बाकी सगळी हाडं. तिच्यापुढे पाटीत भिजवलेली पेंड. डाव्या हाताला सून, रुक्मीण. वीसएक वर्षांची. मांडीवर मूल. मेंढीच्या बरगड्या मोजता येत होत्या, रुक्मिणीच्या गळ्याची हाडंही.

मूल रडत नव्हतं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

विचारलं, जेवलीस का? मान हलवली. व्हय की नाय ते कळलं नाही. बायजाबाई मध्येच, "खाती, खाती." पेंड कोण आणतं विचारलं तर, "म्याच जाते दुकानाला. तिला कुठं पाठवू लेकरू घिऊन?"

"आणि ज्वारी?"

"आनते की. निम्मी ज्वारी, निम्मी पेंड."

निम्मी! दोन बायकांच्या घासातली निम्मी जनावराला! काय बोलू हे सुचण्याआधीच बोलून गेले. सुनेच्या अंगावर दूध नाही दिसत नाही का, लेकराचं तोंड बघा, मेंढी काय स्वर्गात नेणार आहे का. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मग सुनेकडे. रुक्मीण मेंढीची पाठ खाजवत होती.

परत येताना बसमध्ये ठरवलं. प्रश्न निवडीचा नाहीच. प्रश्न कुणाच्या निवडीचा, हा आहे. "गरिबाला ठरवू द्या" असं आपण म्हणतो, तेव्हा घरातलं कोण? कूपन सासूच्या हातात. सासू मेंढी निवडते आणि सून उपाशी.

कूपन सुनेच्या नावावर करायचं. एवढं साधं.

६ मार्च, मंगळवार

यांना सगळं सांगितलं. हे ऐकून घेतात, मग पान उलटतात वर्तमानपत्राचं. उलटता उलटता, "सुनेला विचारलंस का, कूपन तुझ्या नावावर करू का म्हणून?"

विचारलं नव्हतं. सासूसमोर ती काय बोलणार होती?

"नाही," हे म्हणाले, "सहज विचारलं."

११ मार्च, रविवार

बैठक. आवाज चढवून बोलले. मी म्हटलं, काका, तुमची सळई नको आणि सासूचीही नको. ज्या बाईच्या छातीला लेकरू आहे तिच्या हातात कूपन द्या, ती चुकणार नाही. आईला ज्वारी की पेंड हे शिकवायला समिती लागत नाही.

पुन्हा टाळ्या. काकांनीही वाजवल्या. म्हणाले, "हे बरोबर." बायजाबाईचं नाव खोडून रुक्मिणीचं घातलं. घरटी एकच कूपन.

एकच कूपन. आज ते लक्षात आलं नाही. हे वाक्य मी नंतर लिहिते आहे, २१ला, शाई वेगळी दिसतेय.

१८ मार्च, रविवार, होळी

पुरण केलं नाही. ज्वारीची उकड आणि गूळ. यांची काही तक्रार नाही. शेजारच्या वहिनी दोन पोळ्या घेऊन आल्या, "सणाला असं नसतं हो बाई." घेतल्या. खाल्ल्या. चांगल्या होत्या.

खाताना वाटलं, कुणी तरी मला सांगितलं असतं की या दुष्काळात तुम्ही पोळी खायची नाही, तर? खाल्लीच असती. दोन जास्त.

२१ मार्च, बुधवार

करीमभाई मोंढ्यात माल भरायला आले होते, शाळेच्या फाटकाशी थांबले. टोपी काढून हातात.

"बाई, एक बात बोलूं? बुरा नको मानना."

"बोला."

"वो कूपन बहू के नाम पे किया ना तुमने... बहू खुद आई. बच्चे को झोली में डाल को. पूरे की पूरी पेंड ली. जवारी एक दाना नहीं."

ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला. पुन्हा सांगितलं त्यांनी. म्हातारी यायची तेव्हा निम्मी ज्वारी तरी न्यायची. दुकानात उभी राहून मनाशी पुटपुटायची, "भवाने, येवढी तरी खा." भवानी म्हणजे सून. म्हातारी भांडून भांडून निम्मी ज्वारी वाचवत होती. आणि मी...

"तुमने तो अच्छे के वास्ते किया," करीमभाई. हे असं कुणी म्हटलं की समजावं, वाईट झालं.

आता म्हातारीच्याही तोंडची ज्वारी गेली. घरटी एकच कूपन.

२५ मार्च, रविवार

वस्तीवर. या वेळी मूल रडत होतं. बरं वाटलं.

बायजाबाई मला बघून दारातच, "आलात का? घ्या, बगा तुमची करनी." मग लगेच तांब्याभर पाणी पुढे केलं. राग आणि पाणी एकाच हाताने. शेजारणी आंबील देतात म्हणे, त्यावर चाललंय दोघींचं. समितीचं कूपन घरात असताना.

माफी मागितली. तिला तिचं काही नव्हतं. "त्ये जाऊ द्या. हिला सांगा. म्या सांगून सांगून थकले. तुमचं तर शेकड्यानं लोक ऐकत्यात."

रुक्मीण समोर बसली. आज बोलली. हळू, पण थांबली नाही.

मेंढी तिच्या आंदणाची. लग्नात बापाने दोन दिल्या होत्या, एक पावसाळ्यात मेली. यांच्यात रीत अशी की आंदणाची मेंढी बाईची असते, तिचं पिल्लू बाईचं, लोकर विकली तर तो पैसा बाईचा. पण सासरच्या कळपाबरोबर सासरच्या चाऱ्यावर वाढली की सासरची होते. नवरा जाताना म्हणाला, ही गाभण चालायची नाही, खाटकाला देऊ. ही म्हणाली, माझी हाय, माझ्या वाट्याचं घालीन, ऱ्हाऊ द्या.

म्हणून तिच्या वाट्याचं. ज्वारीतला तिचा वाटा ती पेंडेत बदलून घेत होती. आता कूपनच तिचं, म्हणजे सगळंच तिच्या वाट्याचं.

मी म्हटलं, "पेंड मी देते. माझ्याकडून. तू ज्वारी घे आणि खा."

"नको."

"का?"

"मंग ती निम्मी तुमची व्हईल."

म्हटलं, मी कशाला मागायला येणार आहे मेंढी? ती हसली, लहान पोराला हसावं तशी. "तुमी नाय मागनार. पर माजं मला ठावं असंल ना. कूपन समद्यांला हाय तसं मला हाय. तुमची पेंड मला एकलीला. मी मिंधी व्हते."

मग मी बाळाचं काढलं. तुझं दूध, त्याचं पोट. तिचा चेहरा बदलला. मान खाली घालून म्हणाली, "बाई, दुकानाच्या वट्यावर तुमीच म्हनला ना, काय घ्यायचं ते आमी ठरवायचं, कुनी विचारनार नाय? शेजारनीनं सांगितलं मला. तुमीसुदिक नाय, असं म्हनला म्हनं."

म्हणाले होते.

"मेंढी व्याली की दोन व्हतील. कळपाचं काय ऱ्हातंय काय नाय देव जाने. तवा माज्याजवळ माजं म्हनाया काय असंल?"

हजार माणसांसमोर एकदाही अडखळले नाही मी. या बाईसमोर जीभ उचलेना. तिला भूक समजत नाही असं नाही. तिने भुकेचा हिशेब माझ्यापेक्षा लांबचा केलाय. पण बाळ दोन महिन्यांचं आहे, त्याला लांबचं कुठलं असतं?

बायजाबाई बाजूला बसून आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी, "झालं? तुमाला बी नाय जमलं."

२७ मार्च, मंगळवार

शाळा सुटल्यावर चारा छावणीवर. कुणा सार्वजनिक मंडळाची आहे, नाव लिहीत नाही. बैल, गाई, म्हशी. कडबा बरा आहे. व्यवस्थापक पान खात बसलेले. म्हटलं, एक गाभण मेंढी ठेवून घ्या.

"मेंढरं नाय घेत आपन."

"का?"

"मेंढरू म्हनजे काय बाई, आज हितं, उद्या तिथं. सातबारा हाय का त्याचा?"

"बैलाचा सातबारा असतो?"

"बैलाच्या मालकाचा असतो!" आजूबाजूचे हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मला तिथंच भाषण करावंसं वाटलं, करणार होते. ज्याची जमीन त्याच्या जनावराला चारा. ज्याचं जनावर हीच जमीन, त्याला काही नाही. बैलाची वैरण ती मदत आणि मेंढीची पेंड ती उधळपट्टी! रुक्मिणीच्या नवऱ्याला चार एकर असते आणि दारात बैल असता, तर तिने ज्वारी कशाला बदलली असती? बैल छावणीत असता आणि ती घरात भाकरी खात असती. काका म्हणतात माणसांच्या घासातून जनावराला घालते. तिला घालायला लावलं कुणी?

हे सगळं छावणीत म्हणायला हवं होतं. म्हटलं काय, तर "बरं, येते." घसा नाही, दुसरंच काहीतरी बसलंय.

१ एप्रिल, रविवार

बैठक. पाडवा बुधवारी, तेव्हाच्या निर्णयाआधीची शेवटची.

छावणीचं सांगितलं. लोक ऐकत होते. एक जण म्हणाला, मग समितीने मेंढीचंही कूपन काढा! हशा. मी म्हटलं, काढा, हसताय काय, काढा. पण आवाज लागला नाही.

शेवटी काका, "मालती, तू म्हणतेस तिनं ठरवावं. मान्य. छावणीचं म्हणतेस, तेही खरं. पण एक सांग. त्या घरात तिघं आहेत. म्हातारीला विचारलं, ती ज्वारी म्हणते. सुनेला विचारलं, ती पेंड म्हणते. तिसऱ्याला कुणी विचारलं?"



या प्रश्नाला मी उत्तर शोधत नव्हते असं नाही. एस.टी.त, वर्गात, पोळी लाटताना. सापडलं नव्हतं. तिथंही सापडलं नाही.

मग काकांनी जे मांडलं ते असं: त्या एका घराचं कूपन ज्वारी, डाळ, तेल यांना बांधून टाकायचं. पेंड बंद. ते मालतीने कबूल करावं, तर बाकी सगळ्यांचं खुलं कूपन पाडव्यानंतरही चालू ठेवतो. झोळीत घालणाऱ्यांना मी समजावीन. नाहीतर पाडव्यापासून सगळ्यांचंच बंद, पाच वस्तू.

"हा सौदा झाला, काका."

"हो," म्हणाले. "मला माझी सराफ्यातली म्हातारी सांभाळायची आहे, तुला तुझी माणसं. पाडव्याला संध्याकाळी सांग."

२ एप्रिल, सोमवार

लिहायला बसले. दोनदा खोडलं.

एका घराला बांधायचं, चाळीस घरं मोकळी ठेवायची. कुठलाही शहाणा माणूस हो म्हणेल. मी आयुष्यभर अशा शहाण्या माणसांविरुद्ध बोलत आले.

आणि तरी, ते बाळ.

काका चुकीचे नाहीत. हे लिहायला जड जातंय. काका चुकीचे नाहीत, त्यांचा इलाज चुकीचा आहे. पण माझ्याकडे इलाजच नाही, नुसतं बरोबर असणं आहे.

तिला न विचारता हो म्हणायचं नाही. एवढं ठरलं. मागच्या वेळी विचारलं नव्हतं.

४ एप्रिल, बुधवार, पाडवा

सकाळी गुढी उभारून लगेच निघाले. यांना म्हटलं, तुम्ही जेवून घ्या. म्हणाले, तू आलीस की जेवू.

मेंढी अजून व्यालेली नाही. आज-उद्या, बायजाबाई म्हणते. पेंड पाटीत तळाशी उरलेली. बाळ रुक्मिणीच्या मांडीवर.

सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. काकांचं म्हणणं जसंच्या तसं, सराफ्यातल्या म्हातारीसकट. सौदाही. तुझं बांधलं तर बाकीच्यांचं खुलं राहील. तू नाही म्हणालीस तर मी नाही म्हणेन.

रुक्मिणीने ऐकून घेतलं. बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर केलं. मग म्हणाली, "बांधा की."

"नक्की?"

"व्हय. माज्यापायी समद्या वस्तीचं कशाला आडवता? त्या शेजारच्या सोनामावशीला चा लागतो." मला खरोखर हलकं वाटलं. तेवढ्यात तिने तोंडाला पदर लावला. हसू येत होतं तिला. "मेंढी ज्वारी बी खाती, बाई."

बायजाबाई इतकी हसली की खोकला लागला. मीही हसले. तिघी हसलो. ठराव, झोळी, ओसरी, माझं भाषण, सगळं त्या मेंढीने एका घासात... आणि हसता हसता माझं लक्ष बाळाकडे गेलं. ते छातीला लागलं होतं. ओढत होतं, सोडत होतं, पुन्हा ओढत होतं.

हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

बायजाबाई रस्त्यापर्यंत सोडायला आली. माळावर सावली नाही कुठे, ती माझ्या पुढे पुढे, अनवाणी. एस.टी.ची वाट बघताना म्हणाली, "खात नाय असं नाय. कुनी म्होरं बसलं तर खाती. म्या बसते. पर म्या बी भुकेली, हे तिला ठावं हाय. निम्मी मोडून माज्याच म्होरं सारती. मंग म्या उठून जाते, तर ती भाकर पाटीत जाती."

तिने रस्त्याकडे बघून घेतलं, गाडी नव्हती.

"येखाद दिस तुमी बसा की. पोट भरलेलं मानूस म्होरं बसलं म्हंजी तिला मोडून द्यावी वाटायची नाय. भाषान नका करू. नुसतं बसा."

गाडी आली.

आता घरी. जेवण झालं. यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. काकांकडे जायचंय, संध्याकाळ कललीच आहे. "ती कबूल आहे" एवढंच सांगितलं तर खोटं नाही. चाळीस घरांत चहा उकळत राहील. पुढचं सांगितलं, मेंढी ज्वारीही खाते, तर काका काय करतील? हसतील? की म्हणतील, मग दळून पीठ द्या, समोर भाजायला लावा, कुणीतरी बघायला बसवा?

कुणीतरी बघायला बसवा. बायजाबाई तेच म्हणाली. तिने म्हटलं तेव्हा मला रडू आलं, आणि काकांनी म्हटलं असतं तर मी ओसरी पेटवली असती. दोन्हींत फरक आहे. आहेच. पण तो आज काकांना समजावून सांगता येईल असा माझ्याजवळ शब्द नाही, आणि शब्द नाही म्हणून फरक नाही असंही...

शनिवारी अर्धी शाळा. दुपारच्या गाडीने जाता येईल. माझी भाकरी बांधून न्यायची, तिच्यासमोर माझी मी खायची, तिने तिची. तोंड मिटून.

हे चपला घालून दारात उभे आहेत. "काय सांगणार आहेस काकांना?"

उठते.